गाठ न फोडता रुई पाहायची कशी

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. रात्री साडेआठला भाच्याचा फोन आला.

"मामा, काटा बंद पडला ना बाप्पा. डिस्क फुल्ल म्हणते."

"तू केलं काय?"

"काई नाई. जुन्या फायली उघडल्या फक्त."

भाचा हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. ट्रॉली काट्यावर चढली की भरलेलं वजन, कापूस उतरवून परत आली की रिकामं वजन. पावती छापून शेतकऱ्याच्या हातात जाते, पण काट्याकडून आलेला प्रत्येक आकडा कॉम्प्युटरमधल्या एका लॉग फाईलमध्येही पडत राहतो. कॉम्प्युटर जुना, डिस्क लहान, आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. त्या दिवशी एक शेतकरी पंधरा दिवसांपूर्वीची पावती घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, माझ्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन जास्त धरलं, तेवढा कापूस फुकट गेला. भाच्याला त्या दिवसाचा लॉग पाहायचा होता. जुने लॉग जागा वाचवायला दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले, नावाच्या शेवटी जीझेड. यानं 'गनझिप' ही दाबलेली फाईल उघडायची आज्ञा दिली, आणि तीही एका फाईलला न देता तारा (*, म्हणजे सगळ्या फायली) टाकून अख्ख्या फोल्डरला. दोन हंगामांचे लॉग एकदम फुगले, डिस्क भरली, नवीन वजन लिहायला जागा उरली नाही. बाहेर ट्रॉल्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत.

रात्रीच गाडी काढून गेलो. उघडलेल्या फायली परत दाबायच्या तर दाबायलाही थोडी मोकळी जागा लागते, म्हणून आधी एक मोठी फाईल पेनड्राइव्हवर हलवली, मग एकेक करून जीझिप या दाबणाऱ्या प्रोग्रॅमनं परत दाबली. काटा सुरू झाला. रांग हलली तेव्हा चहा आला आणि भाच्यानं विचारलं, "पण मग फाईल न उघडता पाहू कशी?" त्याला तिथं जे सांगितलं तेच इथं जरा सावकाश सांगतो.

कापूस कसा गाठीत जातो हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, उरलेली रुई प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची गाठ बनते. रुई तेवढीच, जागा कमी. मात्र फाईलमध्ये रुईसारखी हवा नसते. तिथं दाबायचं ते पुनरावृत्तीला. काट्याच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, ट्रॉलीचा नंबर, 'भरलेलं' किंवा 'रिकामं', आकडा, शेवटी किलो. एका दिवसाच्या हजार ओळींत तारीख हजार वेळा तीच. मग हजार वेळा लिहायची कशाला?

जीझिप हे काम दोन टप्प्यांत करतं. पहिला टप्पा १९७७ साली याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल या दोघांनी मांडला. फाईल वाचत जायची आणि आत्ता आलेला तुकडा आधी कुठे येऊन गेला का ते मागे वळून बघायचं. आला असेल तर तो पुन्हा न लिहिता फक्त खूण करायची: "इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल." जीझिप मागे पाहतं ते जास्तीत जास्त ३२ किलोबाइटपर्यंत, आणि एका खुणेत कमीत कमी ३, जास्तीत जास्त २५८ बाइट उचलता येतात. किराणावाल्याच्या वहीत पहिल्या ओळीत 'साखर' आणि खाली नुसती दोन टिंबं असतात ना, तसंच.

दुसरा टप्पा १९५२ सालचा, डेव्हिड हफमन यांचा. जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा संकेत, जे क्वचित येतं त्याला लांब. आपल्या गावात हे हफमनच्या आधीपासून चालू आहे. ज्याला दिवसातून दहादा हाक मारायची तो ज्ञानेश्वर 'ज्ञाना' होतो, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला मात्र नाव, आडनाव, गावासकट बोलावलं जातं. सगळ्या गावाचा मिळून घसा वाचतो.

या दोन टप्प्यांच्या जोडीला डिफ्लेट म्हणतात. झिप फायलीही बहुधा यानेच दाबलेल्या असतात. जीझिप हा प्रोग्रॅम ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी लिहिला, पहिली आवृत्ती १९९२ सालची. त्याआधी युनिक्सवर 'कॉम्प्रेस' नावाचं साधन चालायचं, पण त्याच्या पद्धतीवर पेटंटचा दावा आला आणि बिनापेटंटचं काहीतरी हवं झालं. चांगल्या गोष्टी कधी कधी अशा कोर्टकचेरीच्या भीतीनं जन्माला येतात.

आता पाहण्याकडे येऊ. दाबलेली फाईल नुसती 'कॅट'नं, म्हणजे फाईल जशीच्या तशी दाखवणाऱ्या आज्ञेनं, पडद्यावर ओतली तर चित्रविचित्र चिन्हांचा पाऊस पडतो, आणि त्यात एखादं चिन्ह टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) हुकूम वाटलं तर पुढचं टाइप केलेलंही भलतंच दिसायला लागतं. असं झालं तर घाबरून कॉम्प्युटर बंद करू नका. न दिसता 'रिसेट' टाइप करा, एंटर मारा, पडदा ताळ्यावर येतो.

हवं ते साधन आहे 'झेडलेस'. 'लेस' म्हणजे फाईल पानापानानं दाखवणारी आज्ञा; तिच्या आधी झेड, मध्ये जागा नाही, पुढे फाईलचं नाव. एंटर मारलं की फाईलचं पहिलं पान समोर. डिस्कवर नवीन फाईल बनत नाही, जुनी जागची हलत नाही. गनझिपची खोड वेगळी: ते उघडलेली फाईल ठेवतं आणि दाबलेली मूळ फाईल पुसून टाकतं. मूळ राहू द्यायची असेल तर उणे चिन्ह आणि के असा पर्याय द्यावा लागतो. भाच्याला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिकवणाऱ्यानं त्याला गनझिप आधी शिकवलं हीच चूक. आधी पाहायला शिकवावं, उघडायला नंतर.

झेडलेसच्या पोटात बघितलं तर तिथं फार काही सापडत नाही. ती शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांच्याच भाषेत, लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट आहे. ती 'लेस'च्या कानात एवढंच सांगते की फाईल थेट वाचू नकोस, आधी जीझिपमधून काढून घे आणि जे बाहेर येईल ते दाखव. म्हणजे सोडवणारा एक, दाखवणारा दुसरा, आणि मधे एकाचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारा पाइप.

या पाइपात गंमत आहे. ओलिताचा पाइप टाकलेला शेतकरी हे लगेच ओळखेल. वावरातला कॉक बंद केला की पाइप भरतो आणि पाणी पुढे सरकत नाही. इथंही तसंच. लेसला एक पान भरण्याइतक्या ओळी मिळाल्या की तो थांबतो. पाइप भरतो. लिनक्सवर साधारण ६४ किलोबाइट मावतात. पाइप भरला की जीझिपही हात बांधून उभं राहतं. तुम्ही स्पेसबार दाबून पुढचं पान मागितलं की कॉक उघडतो आणि पुढचं पाणी येतं. म्हणून दोन जीबीची फाईलसुद्धा क्षणात उघडल्यासारखी वाटते. खरं तर तिचा पहिला घोटच बाहेर आलेला असतो.

आणि इथंच माझी कापसाच्या गाठीची उपमा मोडते. गाठीची रुई तपासायची तर बाजूनं मूठभर उपटून पाहता येते. जीझिपच्या फाईलमध्ये असं मधूनच हात घालता येत नाही. पन्नासाव्या पानावरची खूण म्हणते "एकोणपन्नासाव्या पानावरून उचल", आणि एकोणपन्नासावं पान अठ्ठेचाळिसाव्यावर टेकलेलं. ही रुईची गाठ कमी आणि सुताचा गुंडा जास्त. मधलं सूत हवं तर टोकापासून उलगडत यावं लागतं.

म्हणून झेडलेसमध्ये मोठा जी दाबून एकदम शेवटी गेलात तर मोठ्या फाईलला वेळ लागतो. तेवढ्या वेळात सगळी फाईल उलगडली जाते. दुसरा परिणाम: खाली कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं ते दिसत नाही. साध्या फाईलला दिसतं, कारण तिची लांबी आधीच कळते; पाइपातून किती यायचंय ते लेसला शेवटापर्यंत कळायचंच नाही. तिसरा परिणाम जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी लक्षात ठेवावा. पाइपातून आलेलं पाणी मागे वळत नाही, म्हणून तुम्हाला मागचं पान दाखवता यावं यासाठी लेस आलेलं सगळं मेमरीत धरून ठेवतो. एक जीबी रॅमच्या मशीनवर चार जीबीचा लॉग उघडून मोठा जी दाबलात तर डिस्क वाचेल, पण मशीन रांगायला लागेल.

उघडल्यावर फाईल केवढी होईल ते आधीच विचारता येतं: जीझिप, उणे चिन्ह, आणि एल. जीझिपच्या फाईलमध्ये शेवटचे आठ बाइट राखीव असतात. त्यातले चार मजकूर शाबूत आहे का ते तपासायला, आणि चार मूळ लांबी लिहायला. चारच बाइट असल्यामुळे लांबी चार जीबीपलीकडे गेली की मीटर फिरून पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून फार मोठ्या फाईलबाबत जुन्या जीझिपचा हा आकडा खरा मानू नका.

लेसचं नाव कुठून आलं ते सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७८ मध्ये बर्कलीला डॅनियल हॅल्बर्टनं 'मोअर' लिहिला. पान भरलं की खाली 'मोअर' असा शब्द येई, म्हणजे अजून आहे. पण तो पुढेच जायचा. पुढे मार्क न्यूडलमननं मागेही जाणारा लिहिला आणि खोडीनं नाव ठेवलं 'लेस'. जास्त काम करणाऱ्याचं नाव 'कमी'. मोअरचाही दाबलेल्या फायलींसाठीचा जोडीदार आहे, 'झेडमोअर', पण झेडलेस असताना त्याच्या वाटेला जायचं कारण मला तरी दिसत नाही.

आत शिरल्यावर फार बटणं पाठ करावी लागत नाहीत. स्पेसबार पुढे, बी मागे, छोटा जी पहिल्या ओळीवर, क्यू बाहेर. बाकी सगळं एच दाबलं की तिथंच लिहिलेलं सापडतं. खरं मोलाचं बटण तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश. ती दाबा, शोधायचं ते लिहा, एंटर. पुढचं सापडायला छोटा एन, मागचं सापडायला मोठा एन. आणि लांब ओळी घडी पडून तीन-तीन रांगांत येत असतील तर लेसच्या आतच उणे चिन्ह, मोठा एस आणि एंटर: ओळ एका रांगेत बसते, उरलेली उजव्या बाणानं सरकवून पाहायची. रकाने असलेली कुठलीही फाईल अशीच पाहावी, नाहीतर भरलेलं वजन कुठलं आणि रिकामं कुठलं हेच समजत नाही.

कोणत्या दिवसाच्या फाईलमध्ये आहे हेच माहीत नसेल तर 'झेडग्रेप'. शोधायचा शब्द द्या, फायलींची नावं द्या किंवा तारा टाका. तो सगळ्या गाठी पाइपातून तपासतो आणि जुळणाऱ्या ओळी फाईलच्या नावासकट सांगतो. डिस्कला धक्का नाही.

लॉगच्या फोल्डरमध्ये आणखी एक गोंधळ होतो. आजची फाईल साधी, कालचीही बहुतेक साधीच, आणि परवापासूनच्या दाबलेल्या. हे लॉगरोटेट नावाच्या प्रोग्रॅमचं काम. ताजी जुनी फाईल तो बरेचदा एक फेरी तशीच ठेवतो, कारण एखादा प्रोग्रॅम अजून तीत लिहीत असू शकतो. झेडलेसला मात्र दोन्ही चालतात. दाबलेली असेल तर सोडवून दाखवतो, साधी असेल तर जशीच्या तशी. म्हणून भाच्याला सांगितलं, विचार न करता झेडलेसच वापरत जा. उबुंटूवर तर सहसा नुसत्या लेसनंही जीझेड फाईल उघडते, कारण तिथं लेसपाइप नावाची सोय आधीच जोडलेली असते. ती सोय जिथं नाही तिथं लेस विचारतो की ही फाईल मजकुराची दिसत नाही, तरी पाहायची का. तेव्हा एन म्हणा आणि झेडलेसकडे या.

आणि ज्यांना वाटतं की आपण कधी दाबलेली फाईल पानापानानं वाचलीच नाही, त्यांनी कधी 'मॅन' आज्ञा दिली असेल ना? लिनक्सवर मदतीची ती पानं डिस्कवर बहुतेक ठिकाणी जीझेड होऊनच पडलेली असतात. मॅन ती सोडवतं आणि लेसच्या हवाली करतं. जेवण कित्येक दिवसांपासून चालू होतं, स्वयंपाकघर आज पाहिलं.

आता मराठीचं. काट्यावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव देवनागरीत टाकतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेलाही तीन. 'की' म्हणजे सहा बाइट. ऐकून वाटतं, आपल्या भाषेवर अन्याय झाला. पण त्या तीन बाइटांतला पहिला देवनागरीत नेहमी तोच, कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत ई-शून्य. दुसरा फक्त दोनपैकी एक, ए-चार किंवा ए-पाच. बदलतो तो खरा तिसराच. म्हणजे जीझिपला पुनरावृत्ती हवी ती आपली लिपी मुठी भरभरून देते, आणि वारंवार येणाऱ्या त्या पहिल्या बाइटला हफमनच्या टप्प्यात छोटा संकेत मिळतो. कागदावर तिप्पट दिसणारा मराठी मजकूर दाबल्यावर तेवढा जड राहत नाही.

पडद्यावर मात्र कधी मराठीच्या जागी टोकदार कंसांत ई-शून्य, ए-चार असे तुकडे दिसतात. तेव्हा फाईल बिघडलेली नसते, लेसला भाषा सांगितलेली नसते. 'लेसकॅरसेट' नावाच्या चलाला (सेटिंगला) यूटीएफ-८ अशी किंमत द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. तरीही काना-मात्रा थोड्या सरकलेल्या दिसतील. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकेक चौकोन मोजून देतं आणि आपली जोडाक्षरं चौकोनात बसायला जन्मलेली नाहीत. वाचता येतं, रकाने सरळ येत नाहीत. माझी यावर अजून कुरकुर आहे.

आपल्याकडे लाइट जाते म्हणून एक सांगायला हवं. फाईल कॉपी होताना लाइट गेली तर गाठ अर्धी येते. सुताच्या गुंड्याचं हे एक बरं आहे: टोकाकडून उलगडायचं असल्यामुळे जिथपर्यंत आली तिथपर्यंत वाचता येते. 'झेडकॅट' (दाबलेल्या फायलींचा कॅट) दिलंत तर तेवढं दाखवून शेवटी फाईल अवचित संपली अशी तक्रार करतं. फाईल पूर्ण आहे का हे न उघडता तपासायचं तर जीझिप, उणे चिन्ह, टी. काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक.

नावाच्या शेवटी बीझेड-दोन असेल तर 'बीझेडलेस', एक्सझेड असेल तर 'एक्सझेडलेस'. दाबण्याची रीत वेगळी, पाहण्याची तीच. झिप फाईल मात्र पोतडी आहे, तिच्यात अनेक फायली असू शकतात. तिथं अनझिपला उणे चिन्ह आणि पी देऊन, हव्या त्या फाईलचं नाव सांगून, निघणारा मजकूर पाइपानं लेसकडे द्यावा.

हे सगळं होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. तो शेतकरी अजून बाकावर बसून होता. भाच्यानं त्याच्या पावतीवरची तारीख बघितली, त्या दिवसाच्या फाईलला झेडलेस दिलं, स्लॅश दाबून ट्रॉलीचा नंबर टाकला. पहिली ओळ भरलेल्या वजनाची. छोटा एन. रिकामं वजन. पावतीवर होतं तेच. भाचा म्हणाला, "बरोबर तर हाय ना, काका."

"आणखी एकदा दाब," मी म्हटलं.

छोटा एन. चार मिनिटांनी त्याच ट्रॉलीचं रिकामं वजन पुन्हा घेतलेलं, १३० किलोनं कमी. शेतकरी वाकून पडद्याकडे पाहत होता. "तवाच म्हटलं होतं मी त्याले, हमाल खाली उतरव आधी. दोघं वर उभेच होते. मग उतरवले, पण पावती आधीचीच निघाली."

भाच्यानं दोन्ही ओळी कागदावर उतरवल्या, खाली फाईलचं नाव आणि वेळ लिहिली, मुनीमजीसाठी टेबलावर ठेवल्या. मग क्यू दाबलं आणि खिडकीतून बाहेर ओरडला, "चला, येऊ द्या पुढची! अन् वरचे खाली उतरा बे!"